जपानची झेप कशाच्या बळावर?

प्रश्न : १८६८ पर्यंत सरंजामी असलेला जपान १९०५ मध्ये रशियाला हरवण्याइतका बलाढ्य कसा झाला? केवळ सैन्याच्या जोरावर का? – एक वाचक, सातारा

उत्तर : सैन्य डोळ्यांत भरते, पण माझ्या मते खरा पाया १८७३ च्या जमीन महसूल सुधारणेने घातला. त्याआधी सरंजामदार पिकाचा हिस्सा मुख्यतः तांदळाच्या रूपाने घेत, त्यामुळे उत्पन्न हंगामागणिक हेलकावे खाई. नव्या कायद्याने जमिनीची मालकी नोंदवून तिच्या ठरवलेल्या किमतीच्या ३ टक्के कर रोखीने मागितला आणि सरकारला भरवशाचे उत्पन्न मिळाले. (आपल्याकडील ब्रिटिशकालीन रयतवारीची, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट महसूल घेण्याच्या पद्धतीची, येथे आठवण होते, मात्र जपानचा महसूल परक्या सत्तेकडे गेला नाही, हा फरक फार मोठा आहे.) रेल्वे, तारयंत्रे, सरकारी कारखाने आणि सैन्य यांचा खर्च बराचसा याच पैशातून भागला. त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली, हे विसरता कामा नये : १८७६ च्या उठावांनंतर कर अडीच टक्क्यांवर आणावा लागला. यंत्रे विकत घेण्यासाठी परकीय चलन दिले ते रेशमाने, म्हणजेच गिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या खेड्यांतील मुलींनी. तरीही रशियाशी लढताना जपानला लंडन आणि न्यूयॉर्क येथे कर्जरोखे विकावेच लागले.