पीस रेटवरचे कारागीर कंत्राटदार ठरतात का?

प्रश्न : सोलापुरात आमचं शालेय गणवेशांचं शिलाई युनिट आहे. चौदा कारागीर पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरी घेऊन, बसतात. भाऊजी म्हणतात, सगळ्यांकडून 'मी स्वतंत्र कंत्राटदार आहे' असं स्टॅम्प पेपरवर लिहून घे, म्हणजे ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) प्रश्नच मिटला. काज-बटण आणि खिशावरच्या लोगोची एम्ब्रॉयडरी बाहेरून होते. त्यांच्याकडूनही असंच लिहून घ्यायचं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, कारागिरांकडून असं काही लिहून घेऊ नका. शेड तुमची, मशीन तुमचं, कापड तुमचं, आणि कॉलर वाकडी गेली तर उसवून पुन्हा शिवायला लावणाऱ्याही तुम्हीच. मग ते कंत्राटदार कसे? 'सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच हे सांगितलं आहे. तिथले शिंपीही पीस रेटवर होते, काही जण दुसरीकडेही शिवायचे. तरी ते दुकानाचे नोकरच ठरले, कारण मशीन मालकाचं होतं आणि काम नापसंत करून परत शिवून घ्यायचा हक्कही त्याचाच होता. स्टॅम्प पेपरने हे बदलत नाही.

ईएसआय दहा कामगारांपासून लागतं. तुमचा वाटा मजुरीच्या सव्वातीन टक्के. मे महिन्यात ऑर्डरी तुंबलेल्या असताना एखाद्या बाईच्या बोटातून सुई आरपार गेली, तर औषधपाणी आणि बुडालेली मजुरी त्यातूनच मिळते. बाळंतपणाची रजाही. हे त्यांच्या हक्काचं आहे, ते वाचवायचा खर्च समजू नका. कारागीर वीस झाले की पीएफही आलं.

काज-बटणवाल्याचं वेगळं. मशीन त्याचं, गठ्ठे तो चार युनिटांचे घेतो, घरी किती वाजता बसायचं ते तोच ठरवतो. तो खरा स्वतंत्र. त्याच्याशी मात्र एका पानावर लिखापढी करा : नगाचा दर, माल परत द्यायची तारीख, खराब झालेल्या नगाचं काय, पैसे कधी. एम्ब्रॉयडरीवाल्याच्या कागदात लोगोची फाइल कोणाकडे राहणार तेही घाला. नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे काम देताना अडाल.

दोघांची 'उद्यम' नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का, ते विचारा. असेल तर लेखी ठरलेलं असूनही ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शाळेने बिल अडकवलं, हे कारण तिथे चालत नाही. म्हणून शाळेकडून ऑर्डर घेतानाच आगाऊ रक्कम मागा.