पाचशे डॉलरचा एक सामना

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलमधील पहिला व्यावसायिक खेळाडू म्हणून कुठे जॉन ब्रॅलियरचे, तर कुठे पज हेफेलफिंगरचे नाव वाचायला मिळते. यांपैकी खरे कोणते मानावे? हेफेलफिंगरची व्यावसायिक कारकीर्द किती काळ चालली?

उत्तर : कागदोपत्री पुरावा पाहिला, तर हा मान हेफेलफिंगरकडे जातो. मात्र कारकिर्दीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला कदाचित चमत्कारिक वाटेल, कारण जिच्याबद्दल लेखी पुरावा आहे अशी त्याची व्यावसायिक कारकीर्द एका दुपारची आहे.

येल विद्यापीठाकडून 1888 ते 1891 या काळात गार्डच्या (आघाडीच्या फळीतल्या एका खेळाडूच्या) जागेवर खेळून त्याने देशभर नाव मिळवले होते. 1892 च्या हंगामात तो शिकागो ॲथलेटिक असोसिएशनच्या संघात होता. त्याच सुमारास ॲलेगेनी ॲथलेटिक असोसिएशन आणि पिट्सबर्ग ॲथलेटिक क्लब या शेजारच्या प्रतिस्पर्ध्यांमधला ऑक्टोबरातील सामना 6-6 असा बरोबरीत सुटला होता आणि पुढच्या सामन्याआधी दोन्हीकडची ईर्षा शिगेला पोहोचली होती. क्लबांचे खेळाडू हौशी असावेत, त्यांनी खेळण्याचे पैसे घेऊ नयेत, असा तेव्हाचा नियम होता. तरीही ॲलेगेनीने 12 नोव्हेंबर 1892 रोजी हेफेलफिंगरसह शिकागोच्या संघातले तिघे मैदानात उतरवले. हे पाहून पिट्सबर्गचे खेळाडू खवळले आणि बराच वाद झाला. अखेर, लागलेल्या सर्व पैजा रद्द करण्याच्या अटीवर सामना सुरू झाला. प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू उचलून हेफेलफिंगरने थेट टचडाउन केले, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. टचडाउनला त्या काळी चारच गुण मिळत असत, आणि ॲलेगेनी 4-0 ने जिंकला तो त्या एकाच टचडाउनवर.

पैसे दिल्याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली होती, पण पुरावा नव्हता. त्यामुळे पेन्सिल्व्हेनियातील लॅट्रोब संघाकडून 1895 मध्ये दहा डॉलर घेऊन खेळलेल्या ब्रॅलियरलाच पुढे कित्येक दशके पहिला व्यावसायिक मानले गेले. स्वतः ब्रॅलियरने ही गोष्ट कधी लपवली नव्हती, हे त्याचे एक कारण असावे. 1960 च्या दशकात ॲलेगेनीच्या हिशेबाचा कागद उजेडात आला आणि त्यात हेफेलफिंगरला खेळण्याबद्दल रोख 500 डॉलर, शिवाय प्रवासखर्चाचे 25 डॉलर दिल्याची नोंद सापडली. खेळाडूने जन्मभर ज्याची वाच्यता केली नाही, ते हिशेबनिसाने नेकीने लिहून ठेवले होते!

1892 च्या त्या सामन्यानंतर हेफेलफिंगरने कॅलिफोर्निया, लीहाय आणि मिनेसोटा या विद्यापीठांच्या संघांना एकेक हंगाम प्रशिक्षण दिले. 1954 मध्ये त्याचे निधन झाले, म्हणजे हा कागद बाहेर आला तेव्हा खुलासा करायला तो हयात नव्हता. ओहायोतील कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (खेळातील थोरांचा सन्मान करणाऱ्या संग्रहालयात) त्या कागदाला व्यावसायिक फुटबॉलचा जन्मदाखला म्हणून मानाचे स्थान आहे. हेफेलफिंगरचा समावेश मात्र तेथील सन्मानितांत नाही, तर महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये आहे.