उन्हाळ्याआधी स्प्लिट एसीचं कोणतं काम घरी करावं, आणि गॅस खरंच दरवर्षी भरावा लागतो का?

नाही, दरवर्षी गॅस भरावा लागत नाही. तुमच्या प्रश्नातला मोठा खर्च तोच, म्हणून आधी त्याचं उत्तर दिलं. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता वरून भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाईल आणि पुढच्या मार्चमध्ये तुम्ही पुन्हा पैसे मोजाल.

चार महिने बंद असलेला एसी कमी थंड करू लागला, तर बहुतेक वेळा दोष धुळीचा असतो. म्हणून आधी सफाई, मग मोजमाप आणि गॅसची गोष्ट सगळ्यात शेवटी. हे सगळं होळीच्या आत उरका. एप्रिलमध्ये मेकॅनिकला दिवसाला इतकी घरं असतात की तो जाळ्या झटकून, वर पाणी मारून निघतो.

सुरुवात एमसीबी, म्हणजे एसीची वीज तोडणारा मुख्य स्विच, खाली पाडून करा. रिमोटने बंद केलेल्या एसीत वीज असतेच. पुढचं झाकण उचलून जाळ्या काढा आणि धूळ बसलेल्या बाजूच्या उलट बाजूने पाण्याची धार सोडा, म्हणजे धूळ जाळीत घुसण्याऐवजी बाहेर पडते. पाणी साधं किंवा कोमट चालेल, कढत नको. चौकट वाकली की जाळी नीट बसत नाही. सावलीत पूर्ण वाळवूनच परत लावा. सीझनमध्ये हे दर १५ दिवसांनी करायचं, आणि शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला.

जाळीमागे कॉइल दिसेल. पत्र्याच्या पातळ पट्ट्यांवर हलकी धूळ असेल तर रंगकामाचा मऊ ब्रश वरून खाली, पट्ट्यांच्या दिशेनेच फिरवा. आडवा फिरवला की त्या मुडपतात आणि हवा अडते. मग हवा बाहेर येते त्या फटीतून टॉर्च मारून आतला लांबट ब्लोअर बघा. त्याच्या पात्यांवर काळा थर असेल, तर वारा कमी येण्याचं आणि कुबट वासाचं कारण मिळालं. तो थर घरी निघत नाही, ते काम मेकॅनिकच्या पंपाचं.

ड्रेनची, म्हणजे एसीतलं पाणी बाहेर जाण्याच्या वाटेची तपासणी मात्र घरीच करा, कारण ती सहसा कोणी करत नाही आणि मे महिन्यात भिंतीवरून पाणी ओघळतं ते याचमुळे. कॉइलच्या खालच्या पन्हाळीत लिटरभर पाणी हळूहळू ओता आणि बाहेर पाइपाचं टोक बघा. सलग धार आली तर ठीक. थेंब-थेंब आलं तर आत बुळबुळीत शेवाळ साठलंय. बाहेरच्या टोकाला ओलं ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून ते ओढून काढता येतं. पाणी झाडांना घालायचं म्हणून पाइप बादलीत सोडलेला असतो, त्याचं टोक पाण्यात बुडू देऊ नका. तिथे हवा अडते आणि पाणी मागे तुंबतं.

बाहेरच्या युनिटवर हिवाळ्यात प्लास्टिक गुंडाळलं असेल तर चालू करण्याआधी आठवणीने काढा. कबुतरांचं घरटं, पालापाचोळा, उंदरांनी कुरतडलेली वायर, सगळं बघून घ्या. मागे निदान फूटभर जागा हवी आणि समोर गरम हवेला मोकळी वाट. नव्या टॉवरांमध्ये युनिट आडव्या पट्ट्यांच्या जाळीआड दडवतात. मग तीच गरम हवा फिरून आत येते, आणि विदर्भातल्या ४५ अंशांत असा एसी भर दुपारी बंद पडतो. सावली करायची तर जरूर करा, पण युनिटला चारी बाजूंनी कोंडू नका. बोअरच्या पाण्याचे फवारे कॉइलवर मारू नका, क्षार बसतात.

मेकॅनिक आला की ब्लोअर आणि दोन्ही कॉइल पाण्याच्या पंपाने धुवून घ्या, आधी सर्किट बोर्ड प्लास्टिकने झाकायला लावा. तो ॲसिड काढू लागला तर थांबवा. फेस येतो, कॉइल चकचकीत होते, पण ॲल्युमिनियम आणि त्यावरचा निळा लेप खाल्ला जातो. वायरींचे स्क्रू आवळून घ्या. सैल जोड तापून जळतो. इन्व्हर्टर नसलेला, म्हणजे एकाच वेगाने चालणारा जुना एसी असेल तर कपॅसिटर, म्हणजे गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला सुरू करणारा भाग, मीटरने मोजायला सांगा. त्यावर ५० मायक्रोफॅरड छापलेलं असेल आणि मीटर ४० दाखवत असेल, तर कॉम्प्रेसर नुसता घुमतो आणि ट्रिप होतो. स्वस्त भाग आहे, बदला. वीज बंद केल्यावरही त्यात धक्का शिल्लक असतो, तेव्हा स्वतः हात घालू नका.

आता मोजमाप. दुपारी, खोली तापलेली असताना एसी सर्वात कमी तापमानावर, पंखा पूर्ण वेगात ठेवून १५ मिनिटं चालवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल थर्मामीटरने वरून आत जाणारी हवा मोजा, मग खालून बाहेर येणारी. ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर गॅसचं नाव काढायचं कारण नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत तो थोडा कमी भरतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. खोली गार झाल्यावर इन्व्हर्टर आपला वेग उतरवतो, तेव्हा मोजलेला फरक धरू नका.

सफाईनंतरही फरक ४-५ अंशच असेल आणि बाहेरच्या युनिटला जोडलेल्या बारीक नळीवर बर्फ धरत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिक गेज (दाब मोजायचं मीटर) लावतो तेव्हा कॉम्प्रेसर चालू आहे ना, हे बघा. बंद एसीत आत थोडाही द्रव गॅस शिल्लक असला की दाब बाहेरच्या तापमानाप्रमाणे येतो, त्यावरून गॅस किती आहे ते कळतच नाही. गॅसचा प्रकार युनिटच्या पाटीवर असतो. चालू असताना जुन्या आर-२२ गॅसचा दाब साधारण ६०-७० पीएसआय (दाबाचं एकक), आर-३२ चा १२०-१४० च्या आसपास. इन्व्हर्टर मंद चालत असेल तर हा आकडाही फसवा.

खरी पद्धत वजनाची. किती ग्रॅम गॅस हवा ते युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं. आधी नायट्रोजनच्या दाबावर साबणाचा फेस लावून गळती शोधायची. पहिला संशय नटांच्या जोडांवर, मग कॉइलच्या वळणांवर. दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप लावायचा आणि मग काट्यावर मोजून गॅस भरायचा. काटा आणि पंप न आणता ‘गॅस मारून देतो’ म्हणणाऱ्याला परत पाठवा, असं माझं स्पष्ट मत. आर-३२ आणि त्याहून जास्त आर-२९० हे गॅस ज्वलनशील आहेत. गॅस आत असताना नळीला ज्योत लावू देऊ नका.

खाडी किंवा उघड्या नाल्याजवळ राहत असाल तर तिथल्या वायूने तांबं बाहेरून झिजतं. एकाच कॉइलला दुसऱ्यांदा गळती लागली की डाग देत बसू नका, कॉइलच बदला. त्याआधी वॉरंटी कार्ड काढून बघा. आणि किती ग्रॅम भरला, गळती कुठे होती, चालू असताना किती अँपिअर घेत होता, हे तीन तपशील बिलावर लिहून घ्या. पुढच्या वर्षी कोणी ‘गॅस संपलाय’ म्हणालं, तर तेच पुढे करायचे.