गिअरबॉक्स बदलताय? आधी केबलचं बघा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सासऱ्यांनी त्यांची १९६५ ची शेवरोले इम्पाला आम्हाला दिली आहे. ३२७ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर आणि मूळची दोन गिअरची ऑटोमॅटिक, पॉवरग्लाइड. गावात गाडी छान चालते. पण टोलेडोहून आय-७५ महामार्ग धरून सिनसिनाटीला निघालं की सत्तरच्या वेगाला इंजिन इतकं ओरडतं की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. डिफरन्शियलचं तेल बदलायला झाकण उघडलं होतं तेव्हा आतल्या दोन गिअरचे दात मोजून घेतले : ३७ आणि ११. टायरचा व्यास २७ इंच. एका गॅरेजवाल्याने ७००-आर-४ हा चार गिअरचा गिअरबॉक्स बसवा म्हणून सांगितलं, मित्र म्हणतो २००-४-आर घे, आणि सासरे म्हणतात गाडी कंपनीतून आली तशीच राहू द्या. यातलं काय करू? आणि मी नि मुलगा मिळून घरीच हे काम करू शकू का?
— एक वाचक, टोलेडो, ओहायो

उत्तर : दात मोजून पत्र लिहिलंत, माझं निम्मं काम तुम्हीच केलंत. ३७ भागिले ११ म्हणजे ३.३६ : चाकाच्या एका फेऱ्याला गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टचे इतके फेरे. या ॲक्सलवर आणि २७ इंची टायरवर सत्तर मैलाला इंजिन मिनिटाला सुमारे २,९३० फेरे घेतं. पॉवरग्लाइडच्या टॉर्क कन्व्हर्टरला (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) लॉक नाही, तो थोडा घसरतच चालतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून जास्तच. ७००-आर-४ चा चौथा गिअर ०.७० चा आहे, म्हणजे तेच फेरे २,०५० वर येतील. २००-४-आर चा ०.६७, म्हणजे १,९६० च्या आसपास. कानांच्या दृष्टीने या दोघांत फरक नाही, तेव्हा त्यावरून निवड करू नका.

पॉवरग्लाइडला नावं ठेवायचं कारण नाही. ती आली १९५० साली, इंटरस्टेट महामार्गांचा कायदा झाला १९५६ ला. तासन् तास सत्तरने पळायचं हे तिच्या जन्मपत्रिकेत नव्हतंच. ओव्हरड्राइव्हवाले, म्हणजे शेवटच्या गिअरला इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरू देणारे, हे दोन्ही गिअरबॉक्स इंधनाच्या टंचाईनंतरचे : २००-४-आर १९८१ चा, ७००-आर-४ १९८२ चा.

आता सासऱ्यांचं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि एक गोष्टही सांगा. १२ ऑगस्ट १९५३ ला लिव्होनियातला जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना जळून खाक झाला. गाड्या तयार, आत बसवायला गिअरबॉक्स नाहीत. तेव्हा कंपनीने स्वतःच कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाइलमध्ये ब्यूकची डायनाफ्लो बसवली आणि पॉन्टिॲकमध्ये शेवरोलेची पॉवरग्लाइड. पुढे हायड्रामॅटिकचं काम विलो रनला गेलं, मी राहते त्या इप्सिलँटीच्या शेजारी. तर ‘कंपनीतून आली तशी’ या बाबतीत खुद्द कंपनीचा हात इतका मोकळा होता. तरीही सासऱ्यांचा मुद्दा मला पटतो, वेगळ्या कारणाने. काम असं करा की उद्या कुणाला पॉवरग्लाइड परत बसवावीशी वाटली तर एका सुट्टीत बसवता यावी. काहीही कापायचं नाही, ही अट एकदा घातली की निवड आपोआप होते.

कशी ते बघा. ७००-आर-४ तुमच्या पॉवरग्लाइडपेक्षा तीनेक इंच लांब. म्हणजे ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचा दांडा) तेवढा कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून आणावा लागणार. माउंट, म्हणजे गिअरबॉक्स मागून ज्यावर टेकतो तो आधार, मात्र फक्त दोनेक इंच मागे जातं. २००-४-आर ची लांबी जवळजवळ पॉवरग्लाइडइतकीच, शाफ्टचा योक, म्हणजे गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोकही तेच, २७ खाचांचं. शाफ्टला हात लावायचा नाही. तिचं माउंट मात्र साडेसहा इंच मागे. इथे तुमचं नशीब चांगलं असू शकतं : १९६५ लाच मोठ्या ३९६ इंजिनाबरोबर टर्बो ४०० ही ऑटोमॅटिक मिळायला लागली आणि तिचं माउंट साधारण याच जागी येतं. गाडीखाली जाऊन चेसिसवर क्रॉसमेंबरची (माउंट धरणाऱ्या आडव्या पट्टीची) मागची भोकं आहेत का ते हाताने चाचपून बघा, साठ वर्षांच्या चिखलाखाली डोळ्यांना दिसणार नाहीत. गाडी एक वर्ष जुनी, म्हणजे १९६४ ची असती, तर एक्स आकाराची चेसिस आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट आला असता आणि मी तुम्हाला घरी करू नका म्हणून सांगितलं असतं.

गिअरांचा मेळही २००-४-आर चा बरा आहे. ७००-आर-४ चा पहिला ३.०६ आणि दुसरा एकदम १.६३. सिग्नलवरून सुटताना गाडी उसळी मारते आणि दुसरा पडल्यावर दम सोडते. २००-४-आर मध्ये २.७४ वरून १.५७. भरपूर ताकदीच्या ३२७ ला एवढा खोल पहिला गिअर हवाच कशाला? २००-४-आर नाजूक, असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. ब्यूकने ती ग्रँड नॅशनलच्या टर्बो इंजिनामागे बसवली होती, एवढंच त्याला सांगा. अडचण आहे ती चांगला नग मिळण्याची. ७००-आर-४ पैशाला पासरी मिळतात, या कमी. घेताना शेवरोलेच्या बोल्ट-पॅटर्नचा किंवा दोन्ही पॅटर्नचा केस (गिअरबॉक्सचं कवच) घ्या, कारण ब्यूक-ओल्ड्स-पॉन्टिॲकचा वेगळा असतो आणि तो तुमच्या इंजिनाला लागणार नाही. ७००-आर-४ वरच येऊन थांबलात तर १९८७ नंतरची घ्या, आतल्या बऱ्याच दुखण्यांवर तोवर इलाज झाले होते.

आता केबल. या दोन्ही गिअरबॉक्समध्ये कार्ब्युरेटरपासून येणारी टी.व्ही. (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल असते. पुष्कळ लोक तिला किकडाउनची (पाय जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल समजतात आणि ‘नंतर लावू’ म्हणतात. ही केबल गिअरबॉक्सला सांगते की पाय किती दाबला आहे, आणि त्यानुसार आतल्या तेलाचा दाब ठरतो. केबल सैल म्हणजे दाब कमी, दाब कमी म्हणजे क्लच पकडत नाहीत, घसरतात आणि जळतात. नवा कोरा गिअरबॉक्स पहिल्याच फेरीत, घरापासून चार चौक जाईपर्यंत संपलेला मी पाहिला आहे. बेंचवर उघडला की क्लचच्या प्लेटा काळ्या, पॅनमध्ये जळक्या वासाचं तेल, आणि मालक सांगत असतो की गिअरबॉक्सच खराब दिला. माझ्याकडे आलेल्या अशा कित्येक ‘खराब’ गिअरबॉक्सना केबलशिवाय दुसरा रोग नव्हता.

तुमच्या १९६५ च्या कार्ब्युरेटरवर ही केबल अडकवायची जागाच नाही. तिच्यासाठी दुरुस्त भूमितीचा ब्रॅकेट आणि कार्ब्युरेटरच्या दांडीला लावायचा तुकडा वेगळा मिळतो, तो घ्या. घरी पत्रा वाकवून करू नका, कारण केबल नुसती ओढली जाऊन भागत नाही, पाय अर्धा दाबल्यावर ती किती ओढली जाते हेही बरोबर असावं लागतं. लावायची अशी : इंजिन बंद. केबलच्या खोबणीतलं बटण दाबून सरकपट्टी कार्ब्युरेटरपासून लांब, मागे टेकेपर्यंत ढकला, बटण सोडा. मग मुलाला आत बसवून पेडल पार तळापर्यंत दाबायला सांगा. पट्टी कटकट करत आपल्या जागी येते. हाताने थ्रॉटल उघडून चालणार नाही, पेडलनेच उघडा, कारण जुन्या गाडीत पेडल तळाला गेलं तरी थ्रॉटल पूर्ण उघडत नाही असं फार वेळा दिसतं, आणि ते इथेच कळतं. पाय सोडल्यावर केबल ताठ हवी, ओढलेली नको. यानंतर दाबाचं गेज लावून खात्री केल्याशिवाय गाडी ड्राइव्हवेच्या बाहेर काढू नका.

घरी होईल का? होईल. कन्व्हर्टर धरून वजन दोनशे पौंडांच्या घरात जातं, तेव्हा ट्रान्समिशनचा जॅक भाड्याने आणा आणि गाडी भक्कम स्टँडवर घ्या. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कन्व्हर्टर बसवताना. तो फिरवत फिरवत आत ढकला. एक धक्का लागला की लोक थांबतात. थांबायचं नाही, पंपाच्या खाचेत पुरता बसेपर्यंत ढकला. मग केस इंजिनाला लावा. केस हाताने ब्लॉकला सपाट टेकली पाहिजे. फट राहिली आणि ती बोल्ट आवळून बुजवलीत तर पंप फुटलाच समजा. सपाट टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरला पाहिजे आणि तो नि फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या क्रँकला लावलेली पातळ तबकडी) यांच्यात सुमारे एक अष्टमांश इंच जागा हवी.

बाकी किरकोळ : कन्व्हर्टरच्या लॉकसाठी वायरिंगचा संच, स्पीडोमीटरचा छोटा प्लास्टिकचा गिअर, बाहेरचा कूलर. स्टिअरिंग कॉलमवरच्या गिअर दाखवणाऱ्या पट्टीवर पाचच जागा आहेत आणि नव्या गिअरबॉक्सला सात लागतात, तेव्हा तिथे थोडी खटपट आहे. पॉवरग्लाइड पुसून, तोंडं बुजवून, तिच्या कन्व्हर्टर आणि क्रॉसमेंबरसकट फळीवर ठेवा.

प्रश्न : माझ्या १९६६ च्या मस्टँगमध्ये (२८९ इंजिन) मूळची सी-४ ऑटोमॅटिक काढून चार गिअरची एओडी ही ऑटोमॅटिक बसवून घेतली. तेव्हापासून गाडी थरथरते. उभी असताना, न्यूट्रलमध्येसुद्धा. रेस केलं की वाढतं. गॅरेज म्हणतं माउंट नवे आहेत, रुळतील. दोन महिने झाले.
— एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया

उत्तर : माउंट रुळून ही थरथर जाणार नाही. न्यूट्रलमध्ये आहे म्हणजे ड्राइव्हशाफ्टचा संबंध नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते म्हणजे क्रँकबरोबर फिरणारं काहीतरी असमतोल आहे. एओडीला १६४ दातांची मोठी फ्लेक्सप्लेट लागते, आणि ती बहुधा गिअरबॉक्सबरोबरच १९८० च्या दशकातल्या ५.० लिटरच्या गाडीतून आली असणार. त्या इंजिनांचा समतोल ५० औंसांचा. तुमच्या २८९ चा २८ औंसांचा. प्लेट दिसायला सारखीच, बोल्टही बसतात, फक्त तिच्यावर समतोलासाठी वेल्ड केलेलं वजन जास्त. १६४ दातांची, २८ औंसांची प्लेट वेगळी मिळते. ती बसेपर्यंत गाडी चालवू नका, बेअरिंग खराब होतील. कामाचं बिल पुन्हा द्यावं लागू नये एवढं त्या गॅरेजशी आधी ठरवून घ्या.

प्रश्न : १९७० ची शेव्हेल, टर्बो ३५० गिअरबॉक्स. रविवारी गावातल्या गावात वीसेक मिनिटं फिरवतो. हल्ली गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात, सुरू करताना मागून पांढरा धूर येतो, गिअरबॉक्सचं तेल कमी होतं पण जमिनीवर थेंब नाही. मेकॅनिक म्हणाला, उघडायचाच आहे तर ओव्हरड्राइव्हच टाकू. टाकू का?
— एक वाचक, ह्यूस्टन, टेक्सस

उत्तर : नका टाकू. वीस मिनिटांच्या फेरीत चौथा गिअर पडायची वेळसुद्धा यायची नाही. आणि तुमचं तेल इंजिन पितंय. गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला मागे, डब्यासारखा व्हॅक्यूम मॉड्युलेटर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवरून गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब ठरवणारा भाग) आहे. त्याची इंजिनाकडे जाणारी रबरी नळी ओढून काढा आणि तोंडाशी बोट लावा. लाल तेल लागलं तर आतला पडदा फाटला आहे. एका बोल्टने धरलेला असतो. नवा बसवताना ओ-रिंग बदला, जुनी नळी फेकून द्या आणि तेलाची पातळी इंजिन गरम व चालू असताना, पार्कमध्ये मोजा.