विचारा भो : गाणी ढीगभर, सापडत एकही नाही

या वेळच्या टपालात मोबाईल हँग होतो, वायफाय चालत नाही वगैरे नेहमीचे प्रश्न कमी आणि गाण्यांचे जास्त, म्हणून म्हटलं बाकीचं पुढच्या अंकात ढकलू आणि एकदाचं हेच उरकू.

लॅपटॉपमध्ये हजारो गाणी आहेत. फोल्डर उघडला की नावं बरोबर दिसतात, पण प्लेअरमध्ये टाकलं की निम्मी 'अननोन आर्टिस्ट', निम्मी 'ट्रॅक ०१', आणि काहींच्या पुढे तर गायकाच्या जागी कुठल्यातरी डाउनलोडच्या वेबसाइटचं नाव. तीन-चार प्लेअर बदलून पाहिले, सगळीकडे तेच. चांगला प्लेअर कोणता ते एकदा सांगून टाका. – एक वाचक, अमळनेर

प्लेअर बदलून काही होणार नाही भाऊ, अजून दहा टाकले तरी हेच दिसेल. फाईलचं नाव वेगळं आणि फाईलच्या पोटात लिहिलेली माहिती वेगळी. एमपी३ फाईलमध्ये गाण्यासोबत टॅग असतो, त्याला आयडी३ म्हणतात, त्यात गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष, ट्रॅक नंबर असे रकाने असतात आणि प्लेअर तेच वाचतो. फोल्डरमध्ये तुम्ही नाव कितीही सुंदर दिलेलं असो, आतला रकाना रिकामा असेल तर प्लेअर बिचारा अननोनच म्हणणार. आणि वेबसाइटवाल्यांनी स्वतःची जाहिरात त्याच रकान्यात घुसवलेली असते.

त्यामुळे आधी टॅग, मग फोल्डर, आणि प्लेअर सगळ्यात शेवटी. बरेच जण उलट करतात, आठवडाभर फोल्डर लावत बसतात आणि मग वैतागतात.

विंडोजवर एमपी३टॅग नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घ्या. पण हात लावायच्या आधी सगळा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा, आणि कॉपी करताना लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या, आपल्याकडे लाईट कधी जाईल ते महावितरणलाच माहीत. तुमची फाईलनावं बरोबर आहेत म्हणता म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. सगळ्या फाईली निवडायच्या, कन्व्हर्ट मेन्यूत 'फाईलनेम टू टॅग' घ्यायचं, आणि तुमचं नाव ज्या साच्यात आहे तो साचा तिथं सांगायचा. समजा नाव 'गायक, डॅश, गाणं' असं असेल तर आर्टिस्ट आणि टायटल हे शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून, मधे डॅश. प्रिव्ह्यू बघितल्याशिवाय ओके करू नका, कारण मधेच 'गाणं, डॅश, गायक' असा उलटा फोल्डर निघतोच आणि मग गाण्याच्या नावाचे गायक तयार होतात. वेबसाइटचं नाव उडवायला तिथंच 'अ‍ॅक्शन' मध्ये रिप्लेसची सोय आहे, ते नाव शोध आणि जागा रिकामी ठेव असं सांगितलं की हजार फाईलींतून एका झटक्यात जातं.

आता खरी डोकेदुखी. सिनेमाचा एक अल्बम, आठ गाणी, पाच गायक, आणि प्लेअरमध्ये एकाचे पाच अल्बम झालेले दिसतात. याला औषध म्हणजे 'अल्बम आर्टिस्ट' हा वेगळा रकाना. आर्टिस्टमध्ये त्या त्या गाण्याचा गायक, आणि अल्बम आर्टिस्टमध्ये आठही गाण्यांना एकच नाव. मी तिथं संगीतकाराचं नाव टाकतो, कारण जुन्या हिंदी-मराठी गाण्यांत माणूस शोधतो ते एकतर गायकावरून नाहीतर संगीतकारावरून. कोणी 'व्हेरियस आर्टिस्ट्स' टाकतात, तेही चालतं, पण मग अर्धी लायब्ररी त्या एका नावाखाली जाऊन बसते आणि ती शोधायची कशी हा प्रश्न परत उरतोच. दुसरं म्हणजे स्पेलिंग. एकीकडे लता मंगेशकर, दुसरीकडे लताजी, तिसरीकडे नुसतं लता, प्लेअरच्या हिशोबानं या तीन बायका झाल्या. एक रूप ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा.

टॅग एकदा नीट झाले की फोल्डर हातानं लावायचे नाहीत. विंडोजवर म्युझिकबीला सांगा की अल्बम आर्टिस्टचा फोल्डर, त्यात अल्बमचा फोल्डर, त्यात ट्रॅक नंबर आणि नाव, ते स्वतः हलवून देतं. फूबार२००० पण हे करतं, २००२ पासून आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही पळतं, फक्त दिसायला रुक्ष. लिनक्सवाल्यांनी स्ट्रॉबेरी बघावं. व्हीएलसी मात्र वाजवायला ठेवा, काहीही द्या वाजवतं, पण कॉम्प्युटरवर लायब्ररी लावायचं ते काम नाही.

माझ्या भजनांची नावं मराठीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर नीट दिसतात, गाडीत लावलं की सगळी प्रश्नचिन्हं. भजनात कसला प्रश्न असतो हो? – एक वाचक, धुळे

भजनात नसतो अप्पा, गाडीच्या टेपात असतो. आयडी३ चा जो पहिला प्रकार होता त्याला फाईलच्या शेवटी फक्त १२८ बाइटची जागा, त्यात नावाला ३० अक्षरं, तीही इंग्रजी वळणाची. देवनागरीला तिथं जागाच नव्हती. पुढच्या प्रकारांत ती आली, पण स्वस्तातले टेप अजून तो जुनाच टॅग वाचतात, किंवा नवा वाचला तरी त्यांच्यात देवनागरीचा फाँटच नसतो, मग चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं.

एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये एमपीईजी टॅग लिहिण्याचा प्रकार 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' करून फाईली परत सेव्ह करून बघा, बऱ्याच यंत्रांना तो पचतो. तरी नाही दिसलं तर टेपाशी भांडू नका, गाडीच्या पेन ड्राइव्हसाठी वेगळी कॉपी करा आणि त्या कॉपीत नावं इंग्रजी अक्षरांत टाका. मूळ फाईलींतली मराठी नावं मात्र काढू नका. आणि एक लक्षात ठेवा, कॉम्प्युटरवरच कधी नावाच्या जागी टोपीवाली चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं दिसली तर ती बहुतेक दुरुस्त होतात, माहिती आत शाबूत असते, फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचली जाते. पण कॉम्प्युटरवर सुद्धा प्रश्नचिन्हंच दिसायला लागली तर मूळ अक्षरं गेली, परत टाइप करणं आलं.

ट्रॅक्टरवरच्या टेपाला ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह लावला, वाचतच नाही. मित्राचा १६ चा वाचतो पण गाणी क्रमानं लागत नाहीत. – रावेरहून, केळीच्या मळ्यातून

ड्राइव्हवर फाईली मांडायच्या पद्धतीला फॉरमॅट म्हणतात, असले टेप बहुतेक एफएटी३२ हा जुना फॉरमॅटच ओळखतात, आणि ६४ जीबीचे ड्राइव्ह कंपनीतून बरेचदा एक्सएफएटी या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये येतात. विंडोजच्या फॉरमॅटच्या नेहमीच्या विंडोत ३२ जीबीच्या वर एफएटी३२ चा पर्याय सहसा दिसत नाही, त्यामुळे सरळ ३२ चा किंवा त्याहून लहान ड्राइव्ह घ्या, मळ्यात वाजवायला त्यात मरेस्तोवर गाणी मावतात, १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहितीचं) गाणं मिनिटाला साधारण १ एमबी खातं, करा हिशोब. क्रमाचं असं की बरेच टेप नाव बघतच नाहीत, ज्या क्रमानं फाईली ड्राइव्हवर उतरल्या त्याच क्रमानं वाजवतात. ड्राइव्ह कोरा करा, नावापुढे ०१, ०२ असे दोन आकडी नंबर द्या, नुसतं १, २ दिलं तर काही यंत्रांत १ नंतर १० येतो, आणि मग नावाप्रमाणे लावून एका दमात कॉपी करा. मधेच दोन गाणी नंतर घुसवली की ती शेवटी जाऊन बसतात.

माझ्या आजेसासूबाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी म्हटलेली अहिराणी लग्नगीतं, आखाजीची आणि कानबाईची गाणी जुन्या कॅसेटींवर आहेत. कॉम्प्युटरवर घ्यायची आहेत. घेतल्यावर लावायची कशी, अल्बम काय, आर्टिस्ट काय? आते काय करानं? – एक वाचक, शिरपूर

ताई, या पानावर आलेलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र तुमचं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पहिलं, कॅसेटी लोखंडी कपाटाच्या वर असतील तर आजच खाली उतरवा, आपल्याकडच्या मे महिन्यात तिथं टेपाची पट्टी भाजून निघते. वाजवायच्या आधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, कित्येक वर्षं न हललेली पट्टी एकमेकीला चिकटलेली असू शकते. टेपचं हेड स्पिरिट लावलेल्या कापसानं पुसा. कॅसेटच्या मागच्या कडेला वर दोन छोटे चौकोनी दात असतात, ते तोडून टाका म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन वरून काही उमटणार नाही.

टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरच्या लाइन-इनला. लॅपटॉपला बहुतेक हेडफोन आणि माईकचं मिळून एकच भोक असतं, तिथं आवाज फाटतो, म्हणून लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या, फार महाग नसतं. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, ४४१०० हर्ट्झवर ठेवा, आणि आवाजाची पट्टी सगळ्यात मोठ्या आवाजालाही उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील एवढंच वाढवा. बायका एकदम टिपेला जातात तेव्हा आवाज फाटला तर तो नंतर शिवता येत नाही. आवाज बोथट, रजईतून आल्यासारखा येत असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू किंचित फिरवून बघा, वाजत असतानाच, अगदी केसभर, एका जागी आवाज खुलतो, तिथं सोडून द्या.

कॅसेटची एक बाजू सलग घ्या, मधे थांबू नका. ही मूळ फाईल फ्लॅकमध्ये सेव्ह करा, एमपी३ मध्ये नाही. साध्या वेव्हला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी, फ्लॅक त्याच्या निम्म्याच्या आसपास घेतं आणि आवाजातलं काहीही काढत नाही. एमपी३ काढून टाकतं. सुरसूर घालवायच्या नादात मूळ फाईलला हात लावू नका, जे करायचं ते कॉपीवर. मग कॉपीत प्रत्येक गाणं सुरू होतं तिथं लेबल टाकायचं आणि लेबलांप्रमाणे एकदम एक्सपोर्ट करायचं, गाणी वेगळी होऊन मिळतात.

आता टॅग. सिनेमाच्या गाण्याला म्युझिकब्रेंझ पिकार्डसारखं सॉफ्टवेअर आवाजाच्या ठशावरून नाव शोधून देतं, तुमच्या गाण्यांना ते काहीही सापडवणार नाही, कारण ती कुठं नोंदलेलीच नाहीत. तुम्ही जे लिहाल तेवढीच त्यांची नोंद. गाण्याचं नाव म्हणजे पहिली ओळ, अहिराणीतच, जशी म्हटली तशी. 'शुद्ध' मराठी करू नका, कोणी कितीही सांगो. आर्टिस्टमध्ये म्हणणाऱ्या बायकांची नावं, पुढे म्हणणारी आधी आणि झेलणाऱ्या नंतर. अल्बम आर्टिस्टला आजेसासूबाईंचं नाव म्हणजे सगळं एका जागी राहील. अल्बम म्हणजे प्रसंग: हळदीची गाणी, मांडवाची गाणी, आखाजीची गाणी, कानबाईची गाणी. जॉनरमध्ये प्लेअर देईल ते 'फोक' घेऊन गप्प बसू नका, तिथं 'लग्नगीत' असं टाइप करता येतं. भाषेच्या रकान्यात एएचआर ही तीन इंग्रजी अक्षरं, अहिराणीला जगाच्या भाषांच्या यादीत स्वतःचा कोड आहे, आयएसओ ६३९-३ मध्ये. आणि कॉमेंटचा रकाना, जो सगळे रिकामा सोडतात, त्यात गाव, कोणाच्या लग्नात रेकॉर्ड केलं, टेप कोणाचा होता, कॅसेटची कोणती बाजू, सगळं लिहा. वर्ष नक्की माहीत नसेल तर वर्षाच्या रकान्यात अंदाज ठोकू नका, कॉमेंटमध्ये 'मोठ्या दिराच्या लग्नाच्या आधी' असं लिहिलेलं जास्त खरं.

म्हणणाऱ्यांपैकी कोणी हयात असतील तर गाणी वेगळी करताना त्यांना शेजारी बसवा, कोणाचा आवाज कोणाचा ते त्याच सांगतील.

एकेका गाण्याच्या चार-चार कॉप्या झाल्यात. कोणती ठेवू? ३२० वालीच ना? – एक वाचक, भुसावळ

नाही, डोळे झाकून नाही. १२८ केबीपीएसच्या फाईलला कन्व्हर्टरमध्ये टाकून ३२० केली की आकडा वाढतो, फाईल फुगते, पण आधीच गेलेला आवाज परत येत नाही, उलट अजून थोडा जातो. स्पेक नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, त्यात फाईल टाकली की आवाजाचा आलेख दिसतो. '३२०' म्हणवणाऱ्या फाईलचा आलेख १६ किलोहर्ट्झलाच कापल्यासारखा सपाट थांबत असेल तर ती बहुतेक फुगवलेलीच. फक्त फार जुन्या रेकॉर्डिंगला हा नियम लावू नका, तिथं वरचा आवाज मुळातच नसतो. कॉप्या शोधायला ड्यूपगुरू, त्यात म्युझिकचा वेगळा मोड आहे. कायमचं डिलीट न करता आधी रिसायकल बिनमध्ये पाठवा, आणि नाव एक पण लांबी वेगळी असेल तर ऐकूनच ठरवा, सिनेमातलं गाणं आणि रेकॉर्डवरचं गाणं यात एखादं कडवं कमी-जास्त असू शकतं.

सगळी गाणी नव्या हार्ड डिस्कवर हलवली आणि माझ्या सगळ्या प्लेलिस्ट मेल्या. – एक वाचक, चाळीसगाव

मेल्या नाहीत, पत्ता चुकला. प्लेलिस्टमध्ये गाणं नसतं, फक्त गाणं कुठं ठेवलंय तेवढी ओळ असते. प्लेलिस्टची फाईल, म्हणजे एम३यू, नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला जुन्या ड्राइव्हचं अक्षर दिसेल, डी वगैरे, रिप्लेस ऑलनं तिथं नवीन अक्षर टाका, सेव्ह करा. गाण्यांची नावं मराठीत असतील तर सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा आणि फाईलचं शेपूट एम३यू८ करा, नाहीतर वर धुळ्याच्या अप्पांचं झालं तेच तुमचं. आणि प्लेलिस्ट फक्त प्लेअरच्या आत ठेवली असेल, वेगळी फाईल नसेल, तर जुनी डिस्क परत जोडा, प्लेअर उघडून प्रत्येक प्लेलिस्ट आधी एक्सपोर्ट करून घ्या आणि मगच ती डिस्क कोणाला देऊन टाका.