वाचकांचे प्रश्न : सह्याद्रीचा कडा आणि त्याच्या आधाराने जगणारी माणसे

प्रश्न : कर्जतहून खंडाळ्याकडे जाताना समोरचे कडे पायऱ्या रचल्यासारखे दिसतात. सह्याद्री ज्वालामुखीतून झाला असे शाळेत शिकलो. मग ज्वालामुखीचे तोंड कोठेच का दिसत नाही? आणि हा डोंगर कधी उभा राहिला? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : डोंगर ‘उभा राहिला’ ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागेल. हिमालय भूखंडांच्या टकरीतून वर उचलला गेला. महाराष्ट्रातला सह्याद्री मात्र दख्खनच्या पठाराचा तुटलेला पश्चिम काठ आहे. याची खूण आपल्या प्रवासातच आहे : कर्जतपासून गाडी मागे इंजिने लावून चढते, परंतु लोणावळ्यानंतर तेवढाच उतार लागत नाही, पुण्यापर्यंत ती जवळजवळ सपाटीवरूनच धावते.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा बाहेर पडला, दूरवर पसरला, थिजला आणि त्यावर पुढचा थर येऊन पसरला. त्यातील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर आला असे कालमापन सांगते. शंकूच्या आकाराचा एखादा पर्वत येथे धुमसत नव्हता, म्हणून त्याचे तोंडही सापडत नाही. पुष्कळसे झिजून गेल्यावर आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. अशा प्रत्येक थराचा गाभा घट्ट असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि झिजण्यास सोपा असतो. घट्ट भागाचा ताठ कडा होतो, सच्छिद्र भागाची उतरती पट्टी होते, आणि आपल्याला दिसणाऱ्या पायऱ्या त्यातूनच घडतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात झालेली ही माती होय. कातळातून झिरपणारे पाणी अशा पट्ट्याशी अडते आणि झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. किल्ल्यांच्या माच्या, डोंगरकुशीतील वाड्या आणि त्यांची पाणवठ्याची ठिकाणे यांची जागा पुष्कळदा या थरांनीच ठरवलेली आहे.

पुढे सेशेल्सचा (आज हिंदी महासागरातील बेटे) भूखंड भारतापासून विलग झाला आणि पश्चिमेकडचा भाग खचला. त्या तुटलेल्या काठावर पावसाने आणि ओढ्यांनी काम सुरू केले आणि कडा हळूहळू पूर्वेकडे मागे सरकत गेला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. माथेरान, प्रबळगड आणि माहुली हे कोकणात सुटे उभे असलेले डोंगर या माघारीत मागे राहिलेले अवशेष आहेत. पठार मात्र पूर्वेकडे किंचित कललेले असल्यामुळे समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरवर उगम पावणारी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच त्र्यंबकेश्वरच्या डोंगररांगेत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला उतरते, आणि मुंबईकर तिचे पाणी पितात. ही गोष्ट या शहरातल्या प्रत्येक शाळेत नकाशा उघडून शिकवली जावी असे मला मनापासून वाटते.

माणसाचा इतिहासही याच काठाने घडवला. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल देशावर न्यायचा, तर कड्यातील फट शोधावी लागे. नाणेघाट ही जुन्नरकडे जाणारी तशी वाट असून तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाची फौज खोपोलीजवळच्या उंबरखिंडीत कोंडली, तेव्हा अरुंद वाट आणि दोन्ही बाजूंची दाट झाडी हेच त्यांचे मोठे बळ होते. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि रेल्वे १८६३ मध्ये घाट चढली. सदतीस फुटांमागे एक फूट अशा चढणीचा तो मार्ग खोदताना रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या शिंग्रोबा धनगराची कथा आजही सांगितली जाते आणि घाटात त्याचे देऊळ आहे. त्या मजुरांची आठवण एवढ्या आपुलकीने कोणी ठेवलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

१९१५ मध्ये लोणावळ्याच्या तलावांतील पाणी सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडून वीज निर्माण होऊ लागली, तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढच्या मुळशी धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह झाला आणि सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास भोगला. मुंबईच्या औद्योगिक वैभवाचे वर्णन करताना त्या बुडालेल्या गावांचा उल्लेख टाळणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : मुंबईतल्या टेकड्या सह्याद्रीचाच भाग आहेत का? (एक वाचक, अंधेरी)

उत्तर : खडक त्याच कुळातले आहेत, परंतु येथील थर समुद्राकडे कललेले आहेत. आपल्याच अंधेरीतील गिल्बर्ट टेकडीचे उभे, कोनयुक्त स्तंभ लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे बनले आहेत. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याचा गाळ सापडला आणि त्यात लहान बेडकांचे जीवाश्म मिळाले. इंग्रज जीवशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले.

प्रश्न : खडक इतका कठीण आहे, तर दरडी का कोसळतात? (एक वाचक, पनवेल)

उत्तर : बहुतेक वेळा कोसळते ती कातळावर साचलेली माती आणि सुट्या दगडांचा ढीग. मुंबईत वर्षाला साधारण २,२०० ते २,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर तो अनेक ठिकाणी याच्या दुपटीहून अधिक असतो, आणि त्यातील मोठा वाटा काही दिवसांतच कोसळतो. पाणी मातीतून कातळापर्यंत पोहोचते, तेथे अडते, आणि जड झालेली माती घसरते. उतार कापणे, झाडोरा काढणे आणि ओढ्याची नैसर्गिक वाट बुजवणे यांमुळे हा धोका वाढतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले आणि १५० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वस्तीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसांचा शोध लागला नाही. आपल्या परिसरात उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडे किंवा विजेचे खांब कलू लागले, अथवा नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा आटला, तर पाऊस थांबण्याची वाट न पाहता वस्ती रिकामी करावी आणि तहसील कार्यालयाला लगेच कळवावे.