चार पानी पत्र आणि एक मिनिट

कॅलिफोर्नियातल्या एका आईचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

"ताई, मुलगी आठवीत आहे. नववीत पुढच्या पातळीचं गणित, म्हणजे जॉमेट्री, मिळावं म्हणून आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (इथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) प्लेसमेंट टेस्ट असायची, कुणाला कोणता वर्ग द्यायचा ते ठरवणारी. ती यंदा बंद झाली म्हणे, आता फक्त शिक्षकांच्या शिफारशीवर ठरणार. व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे खवळलेत. डिस्ट्रिक्टच्या प्रमुख, सुपरिटेंडेंट बाईंना पाठवायला चार पानी पत्र तयार आहे, शंभराच्या वर सह्या झाल्यात. हे म्हणतात आपणही करू. पण आम्ही एच-वन-बीवर, ग्रीन कार्डची रांग संपत नाही. उगाच नाव पुढे यायचं आणि शाळेत मुलीवर राग निघायचा. काय करू?"

आधी भीतीचं बघू. पालक म्हणून डिस्ट्रिक्टला पत्र लिहायला किंवा स्कूल बोर्डाच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही. कॅलिफोर्नियात अशा सभा लोकांसाठी खुल्या ठेवणारा ब्राउन ॲक्ट नावाचा 1953 सालचा कायदा आहे. त्यानुसार सभेला आलेल्या माणसावर नाव-गाव नोंदवायची सक्ती करता येत नाही, व्हिसा तर दूरच. बोलायचं असेल तर एक चिठ्ठी भरून देतात, तेवढंच. आपल्यावर मनाई आहे ती बोर्डाच्या निवडणुकीत मत द्यायची. (सॅन फ्रान्सिस्कोने पालकांपुरती सूट दिलीय, पण ग्रीन कार्डच्या रांगेत उभं असताना वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.) मुलीवर राग निघेल ही भीती मला समजते. म्हणूनच सभेत तिचं नाव, तिचे मार्क, तिच्या शिक्षिकेचं नाव, यातलं काहीही बोलू नका. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये सभेचा व्हिडिओ वेबसाइटवर टाकतात आणि तो तिथेच राहतो.

आता पत्राचं. मी ते वाचलेलं नाही, पण असली पत्रं खूप वाचलीत. पहिलं पान आपण शिक्षणाला किती महत्त्व देतो यावर. दुसरं पान आपली मुलं किती हुशार आहेत यावर. तिसऱ्यावर तीन वेगवेगळ्या मुलांच्या कहाण्या, आणि मागणी असलीच तर चौथ्या पानाच्या तळाशी, "योग्य ती कारवाई व्हावी" अशा थाटात. योग्य ती कारवाई म्हणजे कोणती, हे त्या बाईंनी ओळखायचं!

आपल्याकडे गाऱ्हाणं वर नेलं की काम होतं अशी समजूत घट्ट बसलेली आहे. मुख्याध्यापक ऐकत नाहीत ना, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सुपरिटेंडेंट म्हणजे इथले शिक्षणाधिकारी असं आपण धरून चालतो. तसं नाही. शिक्षणाधिकारी सरकार नेमतं आणि बदलीही सरकारच करतं. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या सुपरिटेंडेंटला मात्र लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड करारावर ठेवतं. म्हणजे सुपरिटेंडेंट बाई बोर्डाच्या नोकरीत आहेत. बोर्डाने मंजूर केलेलं धोरण त्यांना एका ईमेलवर फिरवता येत नाही, आणि त्यांनी स्वतः काढलेल्या नियमासाठी बोर्डासमोर ओरडून फारसा उपयोग नसतो. वेबसाइटवर धोरणांच्या यादीत बहुतेक ठिकाणी क्रमांकाआधी अक्षरं असतात. बीपी असेल तर ते बोर्डाचं, एआर असेल तर प्रशासनाचं. पत्र लिहिण्याआधी हे बघा.

तुमच्या बाबतीत तर हातात चांगलं पान आहे आणि ग्रुपवर कुणी ते खेळलेलं दिसत नाही. कॅलिफोर्नियात 2015 साली मॅथेमॅटिक्स प्लेसमेंट ॲक्ट झाला. नववीत कुणाला कोणतं गणित द्यायचं याचं धोरण बोर्डाने जाहीर सभेत मंजूर करायचं आणि वेबसाइटवर ठेवायचं, असं तो सांगतो. एकाच मापावर न ठरवता अनेक वस्तुनिष्ठ मापं लावायची. वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात निदान एकदा फेरतपासणी करायची. आणि निर्णय पटला नाही तर पालकांना दाद मागायची स्पष्ट सोय ठेवायची. टेस्ट घेतलीच पाहिजे असं मात्र कायदा म्हणत नाही. "टेस्ट परत आणा" म्हणून भांडलात तर सुपरिटेंडेंट बाई शांतपणे नाही म्हणू शकतात. "टेस्ट गेली, मग आता कोणकोणती मापं लावता?" याचं उत्तर धोरणात असावंच लागतं.

तेव्हा चार पानांचं हे एवढंच करा: नववीच्या गणित प्लेसमेंटचं सध्याचं धोरण कोणत्या क्रमांकाचं आहे? ते बोर्डाने कोणत्या तारखेला मंजूर केलं? शिफारशीखेरीज काय काय धरलं जातं? पहिल्या महिन्यातली तपासणी कशी होते? दाद कुणाकडे मागायची? सही करायची तर या पत्रावर बिनधास्त करा. आणि सह्या फक्त देशपांडे-कुलकर्णी-रेड्डी-शर्मा अशा नकोत. बस स्टॉपवर भेटणाऱ्या व्हिएतनामी आईला विचारा, मेक्सिकन बाबांना विचारा. प्रश्न त्यांच्याही मुलांचा आहे.

बोर्डात बोलायचं ठरलंच तर नेमक्या सभेला जा. नियमित सभेचा अजेंडा 72 तास आधी लावावा लागतो. विषय अजेंड्यावर नसेल तर बोर्ड त्यावर निर्णय घेऊ शकत नाही, चर्चाही जवळपास नाहीच. तुम्ही पोटतिडकीने बोलता आणि समोरचे मख्ख बसतात, ते बरेचदा म्हणूनच. माझी पहिली सभा आठवते. पाच मिनिटांचं भाषण लिहून नेलं होतं. बोलणारे बरेच, म्हणून अध्यक्षबाईंनी दोनाऐवजी एकेकच मिनिट दिलं. मी "आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा" इथपर्यंत पोचले आणि लाल दिवा लागला. मुद्दा पर्समध्येच राहिला. तेव्हा मागणी पहिल्या वाक्यात, पुणे नंतर.

मुलीचं प्रकरण मात्र या सगळ्यात गुंतवू नका. धोरण बदलायला वर्षं लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी 2014 साली आठवीतलं अल्जेब्रा (जॉमेट्रीच्या आधीची पायरी) काढलं आणि ते परत आणायचा निर्णय बोर्डाने 2024 च्या फेब्रुवारीत घेतला. पुढच्याच महिन्यात मतदारांनीही अल्जेब्राच्या बाजूने कौल दिला, पण पहिल्या तुकडीतली बरीच मुलं तोवर कॉलेजातूनही बाहेर पडली होती. तुमच्या मुलीला ऑगस्टमध्ये वर्ग हवाय. त्यासाठी आधी तिची गणिताची शिक्षिका, मग काउन्सेलर, मग प्रिन्सिपल, आणि दाद मागायची जी लेखी सोय असेल ती, मुदतीत. हे वेगळ्या ईमेलमध्ये, तुमच्या दोघांच्याच सहीने, ग्रुपला सीसी न करता.

उत्तर सुपरिटेंडेंटकडून न येता एखाद्या असिस्टंट सुपरिटेंडेंटकडून आलं तर "आम्हाला खालच्यांवर ढकललं" म्हणून ग्रुपवर पेटू नका. अभ्यासक्रम बहुधा त्यांच्याकडेच असतो आणि उत्तरं त्यांनाच माहीत असतात. त्याच ईमेलच्या खाली पुढचा प्रश्न विचारा.

आणि पत्राच्या सुरुवातीला बहुधा असेल ते "रिस्पेक्टेड सर" तेवढं काढा. त्या बाई आहेत, हे तुम्हीच लिहिलंय.